पट्ट्यावरची ओली बॅग

बँकॉकच्या हॉटेलात शेवटच्या सकाळी आम्ही नाश्ता करत होतो, तेव्हा दादांचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे माझे थोरले दीर. निफाडला राहतात, द्राक्षांची बाग आहे, आणि फोनवर बोलताना समोरचा माणूस बागेच्या दुसऱ्या टोकाला उभा असल्यासारखे बोलतात. यांनी फोन पाण्याच्या ग्लासला टेकवून उभा केला. शेजारच्या टेबलावरची माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"काय रे, हत्तीवर बसला का नाय?"

"बसलो, दादा."

"अन् बाई?"

"मी नाही बसले," मी म्हणाले. मी लग्न होऊन आले तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. तेव्हापासून दादा मला बाई म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग तेच नाव पडलं.

"आता ऐका. चॉकलेटं, बाम, असलं काय आणू नका. आपल्या पोराचा साखरपुडा जवळ आला. व्याही मोठा शौकीन माणूस हाय म्हणे. येताना दोन बाटल्या घेऊन या, विमानतळावर चांगल्या मिळतात. मी फोटो पाठवतो, तीच आणा."

"आणतो," हे म्हणाले.

इतक्या लगेच म्हणाले, की मला त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. मी पपईच्या फोडींचे आणखी बारीक तुकडे करत राहिले.

यांनी दारू सोडलेली आहे. इथे लिहायला हे वाक्य सोपं वाटतं, पण आमच्या घरात ते कधी कुणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. हे नाशिकला अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. सुरुवात कुठून झाली ते मला नीटसं माहीत नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा शनिवारचं रोजचं झालेलं होतं. कुणी ज्याला बेवडा म्हणेल तसे ते कधीच नव्हते. रस्त्यात पडले नाहीत, हात उचलला नाही, कामावर खाडा केला नाही. फक्त संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर ते घरात नसायचे. समोरच्या खुर्चीत बसलेले असायचे, टीव्ही बघत असायचे, विचारलं तर उत्तरही द्यायचे, पण नसायचे. मुलगी मोठी झाली तशी तीही संध्याकाळच्या आतच त्यांच्याकडून सही घ्यायची, काय विचारायचं ते विचारून घ्यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस पोटात कळ आली आणि ते जमिनीवरच आडवे झाले. स्वादुपिंडाला सूज होती. आयसीयूच्या बाहेर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वाचतील, पण यापुढे एक थेंबही घेतला तर मला बोलावू नका. ते वाचले आणि त्यांनी थेंबही घेतला नाही. दवाखान्यातून घरी आले ते वेगळेच होऊन आले. बारीक, गप्प, दुपारी झोपणारे.

निफाडला आम्ही पित्ताशय सांगितलं. म्हणजे यांनी सांगितलं आणि मी मान हलवली. दादा दवाखान्यात रोज शहाळी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मिसळ खाऊन खाऊन पोटाची वाट लावली यानं." हे डोळे मिटून पडून राहायचे. मला वाटलं होतं, नंतर केव्हातरी सांगू. नंतर काही ती वेळ आली नाही.

यांची दारू सुटली, पण माझा पहारा सुटला नाही. दार उघडलं की आधी माझं नाक पुढे जायचं, मग मी. हे दूध आणायला गेले आणि उशीर झाला तर मी खिडकीत. मित्राचा फोन आला तर मी स्वयंपाकघरातून कान देऊन. यांना ते कळत होतं. ते कधी चिडले नाहीत, हेही मला थकवायचं. चिडले असते तर मीही चिडून मोकळी झाले असते.

बँकॉकची सहल मुलीनं ठरवली होती. ती पुण्याला असते. म्हणाली, "आई, तू कुठेच गेली नाहीस. जाऊन या दोघं." मलाही वाटलं होतं, विमानात बसू, समुद्र बघू, काही दिवस कुणावर नजर ठेवायला नको. पण ग्रुप टूरमध्ये रोज संध्याकाळी कुठे ना कुठे काहीतरी मोफत असतं. नदीतल्या बोटीवर जेवण, तिथे बिअर. पट्टायाला डान्सचा कार्यक्रम, तिथे वेलकम ड्रिंक. आमचा गाइड उत्साही होता. "काका, एक तरी! सुट्टीवर आलात!" असं दरवेळी म्हणायचा. हे संत्र्याचा रस घ्यायचे. मी रसाचा रंग बघायचे. मला कुणी विचारलं बँकॉक कसं आहे, तर मला देवळं आठवत नाहीत, तो ग्लास आठवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझं डोकं दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

तर त्या सकाळी नाश्ता झाल्यावर लिफ्टमध्ये मी म्हणाले, "तुम्ही नाही म्हणायला हवं होतं."

"काय सांगून?" यांनी विचारलं.

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली आणि आम्ही बॅगा भरायला गेलो.

विमानतळावर ते दुकान चुकवताच येत नाही. सिक्युरिटी संपली की रस्ताच त्याच्यातून जातो. दोन्ही बाजूंना बाटल्या, सगळ्यांवर उजेड सोडलेला, सोनाराच्या दुकानात असतो तसा. हे भराभर चालत पलीकडे गेले आणि एका खुर्चीवर बसले. मी मागून पोचले तर म्हणाले, "तू जाऊन आण. मी इथं बसतो."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दादानं फोटो पाठवलाय. तो दाखव."

मग मी गेले. साडी नेसलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, साठीला आलेली बाई. आयुष्यात पहिल्यांदा दारूच्या दुकानात शिरले. एक कोवळी मुलगी हसत पुढे आली, तिनं माझ्यापुढे ट्रे धरला. ट्रेमध्ये इवल्याशा प्लास्टिकच्या कपांत चाखायला काहीतरी ओतलेलं होतं. मी हात जोडले. तिनंही हात जोडले, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. मी फोटो दाखवला, तिनं दोन बाटल्या काढून दिल्या. काउंटरवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास बघितला आणि बाटल्या एका जाड पारदर्शक पिशवीत घालून पिशवी चिकटवून टाकली. पारदर्शक का, ते मला कळलं नाही. सगळ्या जगाला दिसावं म्हणून असेल.

पिशवी जड होती. आपल्याला वाटतं काच आणि पाणी, त्यात काय वजन असणार. मी ती या हातातून त्या हातात घेत चालत होते. हे माझी पर्स घेत होते, पाण्याची बाटली घेत होते, पण त्या पिशवीला हात लावत नव्हते. मीही म्हटलं नाही. विमानात मी ती वरच्या कप्प्यात ठेवली. कप्पा यांच्या डोक्यावर होता. सगळा प्रवास हे मान खाली घालून बसले, आणि मी ते झोपलेत की जागे आहेत ते बघत बसले.

दिल्लीला सामान घेऊन पुढच्या विमानाच्या काउंटरवर परत द्यायचं होतं. तिथून ओझर, नाशिकचा विमानतळ. काउंटरवरचा मुलगा पिशवीकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये हाथ में मत रखिए. आगे सिक्युरिटी में रोकेंगे. बॅग में डाल दीजिए." मी त्याला पिशवीवरचं सील दाखवलं, पावती दाखवली. तो चांगुलपणानं म्हणाला, की तुमची मर्जी, पण वरती अडवलं तर टाकून द्यावं लागेल.

म्हणून आम्ही बाजूला होऊन मोठी बॅग जमिनीवर उघडली. मला वाकून बसता येत नव्हतं. मी एक बाटली टॉवेलात गुंडाळायला लागले, ती घसरली. हे थोडा वेळ बघत उभे होते. मग खाली बसले आणि माझ्या हातातून त्यांनी बाटली घेतली.

मला वाटतं, त्या सगळ्या प्रवासातलं माझ्या मनात राहिलेलं ते एवढंच आहे. यांनी त्यांचा जाड स्वेटर पसरला, बाटली तिरपी ठेवली, बाहीत तिची मान घातली, मग स्वेटर दोनदा गुंडाळून त्याच्यावर दुसऱ्या बाहीची गाठ मारली. दुसरी बाटली माझ्या शालीत, तशीच. मग दोन्हींच्या मध्ये चप्पल, म्हणजे एकमेकींवर आपटून आवाज होऊ नये. एक क्षणही विचार करावा लागला नाही. मला स्वयंपाक करताना जसा विचार करावा लागत नाही, तसं. आवाज होऊ नये म्हणून बाटली कशी ठेवायची हे या माणसाला इतकं चांगलं येतं, आणि मी इतकी वर्षं त्याच घरात कान लावून बसले होते. यांनी चेन ओढली आणि हात पँटला पुसले. बाटलीला काही लागलेलं नव्हतं तरी पुसले.

ओझरचा विमानतळ लहान आहे. आमच्या विमानाची माणसं एका पट्ट्याभोवती उभी राहिली आणि सामान यायला लागलं. बॅगेच्या आधी वास आला. आधी कुणीतरी इकडेतिकडे बघितलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. रबरी पडद्यातून आमची बॅग आली. तिचा खालचा एक कोपरा काळा ओला झाला होता आणि पट्ट्यावर तिच्यामागे ओली रेघ उमटत होती.

"कुणाची तरी पार्टी गेली राव," मागून एक मुलगा म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

हे जिथं उभे होते तिथंच राहिले. बॅग आमच्या समोरून पुढे गेली. मी म्हणाले, "अहो." यांनी ऐकलं नाही. मग पट्टा फिरून बॅग परत आली तेव्हा मीच ती ओढून काढली. तिच्या जवळची एक बाई आपली सुटकेस लगबगीनं बाजूला घेऊन गेली. तिला साहजिकच वाटलं असेल, कसली माणसं आहेत.

बाहेर दादा गाडी घेऊन आले होते. निफाडहून ओझर काही लांब नाही, त्यामुळे न्यायला मीच येणार म्हणून हट्टानं आलेले. लांबूनच हात केला. जवळ आले, वास आला, आणि चेहरा पडला.

"फुटली?"

"एक," मी म्हणाले.

तिथेच पार्किंगमध्ये त्यांनी बॅग उघडली. स्वेटर गच्च भिजलेला, आत काचा. शालीतली बाटली धडधाकट होती. दादांनी ती वर धरून उन्हात बघितली. "चला, एक तर एक. व्याह्यापुढं ठेवायला झाली." मग हळहळले. "पॅकिंग नीट करायचं ना, रे. विमानवाले काय, गोण्या फेकल्यासारखं फेकतात." बॅग मागे टाकली, चांगली बाटली पुढे यांच्या पायापाशी ठेवली, आणि आम्ही निघालो.

दुपारची वेळ होती, ऊन कडक होतं. दादांनी काचा वर करून एसी लावला. त्यांच्या गाडीला वेगळी डिकी नाही, बॅग माझ्या सीटच्या लगेच मागे होती. थोड्याच वेळात गाडीत त्या वासाशिवाय काही उरलं नाही. गरम, गोडसर, लाकडासारखा. मी पदर नाकाला लावला. दादा साखरपुड्याचं बोलत होते. हॉल कोणता, आचारी कोणता, व्याह्यांची किती माणसं. हे "हं, हं" करत होते. मग तेही थांबलं.

मग हे म्हणाले, "दादा, गाडी बाजूला घे."

"काय झालं?"

"घे बाजूला."

रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती, पत्र्याच्या शेडमध्ये. दादांनी तिथं गाडी घातली. गाडी पुरती थांबायच्या आत हे उतरले आणि शेडच्या पलीकडे, बाभळीखाली जाऊन उभे राहिले. पाठ आमच्याकडे.

"विमान बाधलं वाटतं," दादा म्हणाले. "बाई, तुम्ही बसा सावलीत. रस सांगतो. आलं-लिंबू टाकून, म्हणजे मळमळ जाईल."

मी बाकावर बसले. दादांनी रसाचे ग्लास आणले, एक यांना नेऊन दिला. यांनी तो हातात घेतला, पण प्यायला नाही. दोघं भाऊ माझ्यापासून फार लांब नव्हते. मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, ते पित्ताशय नव्हतं."

"काय?"

"मी दवाखान्यात होतो तेव्हा. पित्ताशय नव्हतं. दारूनं झालं होतं."

दादा जरा हसले. "दारूनं? अरे, मग आमचं काय व्हायला पाहिजे होतं?"

"तू दोन घेतोस आणि जेवायला बसतोस. मला तसं कधी जमलं नाही. मी रोज पीत होतो. कंपनीतसुद्धा."

"कंपनीत?"

"डब्याच्या पिशवीत ताकाची बाटली असायची माझी, स्टीलची. ताक ओतून द्यायचो आणि त्यात दारू भरून आत न्यायचो."

ते ताक मी करून द्यायचे. रोज सकाळी, शाळेत निघायच्या आधी. रात्री विरजण लावायचं, सकाळी घुसळायचं, जिरं-मीठ टाकायचं, बाटलीत ओतायचं. पोटाला थंड म्हणून. उन्हाळ्यात तर मी दोन वेळा विचारायचे, ताक पुरलं का. हे म्हणायचे, पुरलं.

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघत बसले, पण तो आला नाही. चरकातून उसाची चिपाडं बाहेर पडत होती, ती बघत राहिले.

दादा वळून माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"ताकाचं नव्हतं माहीत," मी म्हणाले. "बाकीचं होतं."

"अन् तुम्ही मला पित्ताशय सांगितलं."

"हो."

"मी रोज शहाळी घेऊन येत होतो. मी सगळ्या गावाला पित्ताशय सांगितलं." मग त्यांचा आवाज चढला. "अन् मी बाटल्या सांगितल्या तेव्हा तोंड नव्हतं का दोघांना? नाय म्हणता येत नव्हतं? मी काय परका हाय?"

रसवंतीवाला आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत ग्लास विसळत होता. हे बाभळीखालून म्हणाले, "तिला बोलू नको, दादा. मलाच नाही म्हणता आलं."

दादा वळले. गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडलं, बाटली बाहेर काढली. मला वाटलं, आता हे ती शेतात फेकतात. पण फेकली नाही. खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळली आणि मागे जॅक-पाना ठेवतात त्या खणात टाकून वरून झाकण लावलं. मग गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या घरापर्यंत आम्ही तसेच आलो, गरम वारा खात. बिल्डिंगखाली बॅग उतरवून देताना दादा यांना म्हणाले, "जेवून झोप," आणि निघून गेले. वर आले नाहीत.

बॅग मी सरळ बाल्कनीत नेली. हे म्हणाले, "मी धुतो." मी म्हणाले, "तुम्ही आत जा." ते आत गेले. मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं, स्टुलावर बसले आणि एकेक कपडा काढायला लागले. स्वेटर तर टाकूनच दिला. मुलीसाठी घेतलेलं रेशमी कापड, माझ्या साड्या, यांचे शर्ट, प्रत्येकात बारीक काच. पहिल्यांदा साबणानं धुतलं, मग शॅम्पूनं, मग लिंबू पिळून. वास कमी झाला, गेला नाही. बोटाला दोन-तीन ठिकाणी काच लागली. धुणं वाळत घालून आत आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि यांनी खिचडी टाकलेली होती.

जेवताना मी विचारलं, "ताक कुठे ओतायचात?"

यांनी घास खाली ठेवला. "कंपनीच्या गेटाबाहेर एक कुत्रं असायचं. त्याला घालायचो."

"रोज?"

"रोज. मला बघितलं की धावत यायचं ते."

मला हसू आलं. कसं आणि कुठून ते कळलं नाही, पण आलं, आणि ते लवकर थांबलं नाही. जिरं-मीठ घातलेलं माझं ताक पिऊन कुठलं तरी कुत्रं धष्टपुष्ट झालं असेल. हे घाबरून माझ्याकडे बघत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा ते उठले आणि त्यांनी माझ्यापुढे पाणी ठेवलं. मी ते प्यायले. मग मी म्हणाले, की खिचडीत मीठ कमी आहे.

साखरपुड्याला आम्ही गेलो. जावं तर लागणारच होतं. दादांनी माझ्याशी बोलताना काहीच दाखवलं नाही, "बाई, या, या," नेहमीसारखंच. पण मी बघत होते, त्या दिवशी यांना त्यांनी आपल्या जवळून हलू दिलं नाही. पंगतीवर लक्ष ठेव, आचाऱ्याला विचारून ये, फोटोला ये, असं करत सतत बरोबर. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी घराच्या मागच्या शेडकडे सरकायला लागली. ती बाटली तिथं निघणार हे मला ठाऊक होतं. निघालीच असेल. व्याह्यांनी यांना पाहून विचारलं, "धाकटे बंधू बसत नाहीत का आमच्यात?"

"तो घेत नाय," दादा म्हणाले. "त्याला चालत नाय."

एवढंच. व्याही "बरं बरं" म्हणाले आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला लागले. मी जावेबरोबर पानसुपारीची तबकं आवरत होते. ज्या वाक्याच्या भीतीनं आम्ही इतकी वर्षं काढली, ते असं उभ्या उभ्या बोललं गेलं आणि कुणी वळूनही बघितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी दादा एकटेच नाशिकला आले. द्राक्षांची पेटी घेऊन. हे बँकेत गेले होते. मी चहा ठेवला, तर दादा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिथं ते कधी येत नाहीत.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"पहिल्यांदा मीच दिली होती त्याला. बागेत. कॉलेजला होता. माल चांगला गेला होता त्या वर्षी, सगळे बसलो होतो. नको म्हणत होता तो. मी म्हटलं, घे रे, मर्दासारखा मर्द तू." ते थांबले. "माझ्यासंगंच सुरू झालं का त्याचं?"

मी गॅस बारीक केला. खरं सांगायचं तर मला त्या प्रश्नाचं ओझं नको होतं. खूप वर्षं मी एका माणसाचं वागवत होते, आता दुसऱ्याचं कुठे घेऊ. पण सत्तरीचा माणूस दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"मला माहीत नाही, दादा," मी म्हणाले. "ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"त्याला विचारायची भीती वाटते."

"मलाही वाटायची. तरी विचारा."

हे आले. दादांना बघून चपला काढता काढता थबकले. मी दोघांना चहा दिला, बिस्किटं ठेवली आणि म्हणाले, की माझं डोकं दुखतंय, मी जरा पडते. आत जाऊन बेडरूमचं दार लावून घेतलं. बाहेरून दादांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा हळू. मध्ये यांचा. मग दादांचा. मग परत यांचा. शब्द कळत नव्हते. मी ते ऐकायचा प्रयत्न केला नाही. पंख्याकडे बघत पडले होते, तेव्हा कधीतरी मला झोप लागली. दुपारी मला झोप लागत नाही, पण त्या दिवशी लागली, आणि गाढ.

उठले तेव्हा दादा गेले होते. हे टेबलापाशी बसून द्राक्षांचे घड निवडत होते. चांगली बाजूला, दबलेली बाजूला.

"गेले दादा?"

"तू झोपली होतीस. उठवू नको म्हणाला."

मी समोर बसले. "काय बोललात?"

"बागेचं," हे म्हणाले. मग घडातलं एक सडकं द्राक्ष काढून टाकत, "आणि बाकीचंही."

मी पुढे विचारलं नाही. मीही एक घड ओढून घेतला आणि आम्ही दोघं निवडत बसलो.